संसर्ग संगणकाला, जोखीम रुग्णाला

जून २०२४ मध्ये इंग्लंडच्या सरकारी रक्तसेवेने दात्यांना तातडीचे आवाहन केले. ‘ओ’ रक्तगटाच्या लोकांनी, त्यातही ‘ओ निगेटिव्ह’ असलेल्यांनी, लवकरात लवकर येऊन रक्तदान करावे. कुठे मोठा अपघात झाला नव्हता, स्फोट नव्हता, साथही नव्हती. ३ जून रोजी सिनोव्हिस नावाच्या प्रयोगशाळा-सेवेच्या संगणकांत एक खंडणीखोर प्रोग्रॅम शिरला होता. लंडनमधल्या किंग्ज कॉलेज आणि गाइज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालयांच्या रक्ततपासण्या या सेवेकडे होत्या. संगणक आडवे झाल्यावर रुग्णाचे रक्त दात्याच्या रक्ताशी जुळते का, हे पाहण्याचे काम नेहमीच्या वेगाने होईना. टेबलावर रुग्ण असताना डॉक्टर थांबू शकत नाहीत. अशा वेळी जे रक्त सहसा कोणालाही चालते ते दिले जाते, म्हणजे ‘ओ’. साहजिकच तेच संपत आले.

पुढच्या काही महिन्यांत या दोन रुग्णालय-समूहांना १०,००० हून अधिक बाह्यरुग्ण तपासण्या आणि १,७०० च्या वर नियोजित शस्त्रक्रिया व उपचार पुढे ढकलावे लागले. वर्षभराने, जून २०२५ मध्ये, किंग्ज कॉलेज रुग्णालयाकडून एक गोष्ट जाहीर झाली. त्या काळात एका रुग्णाचा अनपेक्षित मृत्यू झाला होता आणि चौकशीत त्याला हातभार लावणारी जी कारणे निघाली, त्यांत रक्ततपासणीचा निकाल मिळायला लागलेला उशीर हे एक होते.

संगणकाच्या व्हायरसला आपल्याकडे अजूनही ‘कॉम्प्युटरवाल्याचा प्रश्न’ समजले जाते. मशीन हळू चालते, मग कोणा ओळखीच्या मुलाला बोलवायचे, तो ‘फॉरमॅट मारतो’, झाले. पण आज केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, सीटी स्कॅनची चित्रे आणि औषधांचा साठा हे सगळे संगणकावर असताना हा संसर्ग रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतो.

‘व्हायरस’ हा शब्दही संगणकवाल्यांनी वैद्यकाकडूनच उचलला. १९८३ मध्ये अमेरिकेत फ्रेड कोहेन नावाचा विद्यार्थी स्वतःची नक्कल करत पसरणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करत होता. त्याला हे नाव सुचवले त्याचे प्राध्यापक लेनर्ड एडलमन यांनी. गंमत अशी, की एडलमन हे ‘आरएसए’ या प्रसिद्ध कूटपद्धतीच्या तीन जनकांपैकी एक. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी हीच पद्धत आजचे अनेक खंडणीखोर व्हायरस लोकांच्या फाइलींना कुलूप घालायला वापरतात.

पर्सनल कॉम्प्युटरवर पसरलेला पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’, १९८६ चा. तो लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिला. हृदयाशी संबंधित एक सॉफ्टवेअर त्यांनी बनवले होते, त्याच्या चोरून नकला होऊ नयेत म्हणून. व्हायरसमध्ये त्यांनी आपले नाव, पत्ता, फोन नंबर असे सगळे घातले होते! पुढच्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या दोन भावांनी, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधले व्हायरस काढता काढता अँटिव्हायरस तयार केला, तोच पुढे ‘क्विक हील’ झाला.

खंडणीची पहिली मोठी घटना तर थेट वैद्यकीय जगातलीच आहे. डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने निरनिराळ्या देशांत गेल्या. त्या ज्यांना मिळाल्या, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेले लोकही होते. फ्लॉपीवर एड्सविषयी माहिती आणि स्वतःची जोखीम तपासण्यासाठी प्रश्नावली होती. ती संगणकात घातल्यावर काहीच होत नसे. मशीन साधारण ९० वेळा सुरू केले, की मग फाइलींची नावे गायब होत आणि पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा, अशी मागणी पडद्यावर येई. पाठवणारा जोसेफ पॉप हा हार्वर्डमध्ये शिकलेला जीवशास्त्रज्ञ होता. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या मधल्या वेळेला अधिशयन काळ म्हणतात. तो त्याने आपल्या प्रोग्रॅमला बरोबर दिला होता.

हा अधिशयन काळ आजही असतो, आणि निदान अवघड होते ते त्यामुळेच. फ्लॉपी कधी आली आणि बिघाड कधी झाला, यांचा संबंध माणसाच्या लक्षात येत नाही. आज अनेक प्रोग्रॅम तर शेवटपर्यंत कोणतेही लक्षण दाखवत नाहीत. गुपचूप बसून पासवर्ड वाचत राहतात.

लक्षण कोणते आणि भास कोणता

ताप आला म्हणजे टायफॉइडच असे नाही. तसेच संगणक मंदावला म्हणजे व्हायरसच असेही नाही. बहुतेक वेळा जुने मशीन, भरलेली डिस्क, एकाच वेळी उघडलेली पंचवीस पाने, एवढेच कारण असते. काही लक्षणे मात्र अधिक नेमकी असतात. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला दिसतो आणि पुन्हा चालू होत नाही. ब्राउझरचे पहिले पान न विचारता बदलते. कालपर्यंत उघडणाऱ्या फाइलींच्या नावांपुढे विचित्र अक्षरे लागतात आणि त्या उघडत नाहीत. ओळखीचे लोक फोन करून विचारतात, ‘तुम्ही मला ही कसली लिंक पाठवली?’ हे शेवटचे लक्षण फार महत्त्वाचे, कारण ते आजाऱ्याला स्वतःला दिसत नाही, दुसऱ्यांना दिसते. असा फोन आला तर हसण्यावारी नेऊ नये.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह देऊन आल्यावर घरी सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले अनेकांनी पाहिले असतील. प्रबंध गेला, लग्नाचे फोटो गेले म्हणून लोक रडकुंडीला येतात आणि घाईने ड्राइव्ह फॉरमॅट करतात. घात होतो तो इथे. या प्रकारात मूळ फाइली बहुधा तिथेच असतात, फक्त लपवलेल्या. शॉर्टकटवर दोनदा क्लिक केले, की व्हायरस त्या संगणकातही उतरतो. तेव्हा शॉर्टकटला हात न लावता आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासावा, मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करून त्या दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. छपाईसाठी द्यायच्या तर फक्त लागणारी पीडीएफ असलेला वेगळा, रिकामा पेन ड्राइव्ह न्यावा. आयुष्यभराचा डेटा खिशात घालून दुकानात जाऊ नये.

एक ‘लक्षण’ मात्र हमखास खोटे असते. एखादी वेबसाइट पाहताना अचानक पूर्ण पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा’ अशी सूचना येते. हा व्हायरस नव्हे, हे त्या वेबपानाचे नाटक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत कधीही फोन नंबर नसतो. ब्राउझर बंद करावा. होत नसेल तर मशीन बंद करावे. त्या नंबरवर फोन केला, की पलीकडचा गोड बोलणारा ‘इंजिनिअर’ दुरून संगणक हाताळण्याचे अॅप घ्यायला सांगतो आणि खरा आजार तिथून सुरू होतो. दारावर येऊन नाडी पाहून दुर्धर रोग सांगणाऱ्या भोंदू वैदूंना जे लोक उभे करत नाहीत, तेही या भोंग्याला फसतात. त्यात कमीपणा नाही. माणसाला घाबरवून विचार करू न देणे हेच त्या पानाचे काम असते.

लग्नपत्रिका, चलन आणि फोन

महाराष्ट्रातल्या सामान्य घरात आज जास्त धोका टेबलावरच्या संगणकापेक्षा हातातल्या फोनला आहे. व्हॉट्सअॅपवर ‘लग्नाचे अगत्याचे आमंत्रण’ म्हणून फाइल येते, कधी ‘आरटीओ चलन’, कधी बँकेची केवायसी, कधी पीएम किसानचा हप्ता. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. पत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ असते, ती कधीही एपीके नसते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचे अॅप. आणि ती फाइल अनोळखी नंबरवरून येतेच असे नाही. मावशीच्या, शेजाऱ्याच्या, सोसायटीच्या ग्रुपवरून येते, कारण आधी त्यांचा फोन बाधित झालेला असतो. गोवर जसा वर्गातून घरी येतो, तसेच हे.

असे अॅप बसवताना ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली, की बँकेचा ओटीपी मालकाला दिसण्यापूर्वीच चोराकडे जातो. काही अॅप ‘अॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही सोय मुळात दृष्टिहीनांना वगैरे फोन वापरता यावा म्हणून आहे. तिच्या आड पडद्यावरचे सगळे वाचता येते आणि बटणेही दाबता येतात. टॉर्चच्या किंवा पत्रिकेच्या अॅपला या दोन्हींची काहीही गरज नसते. बसवल्यावर अॅपचे चिन्हच दिसेनासे झाले, ओटीपी येईनासे झाले, फोन न वापरताही गरम राहू लागला, तर संशय घ्यायलाच हवा.

अशा वेळी पहिला तास मोलाचा. फोन एरोप्लेन मोडवर टाकून सिम काढावे, म्हणजे संदेश बाहेर जाणे थांबते. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवावे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. मग संशयित अॅपच्या परवानग्या काढून ते हटवावे. हटत नसेल, तर फोटो आणि संपर्क सुरक्षित करून फोन मूळ स्थितीला आणावा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून. बाधित फोनवर बसून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे चोरासमोरच नवे कुलूप लावणे. आणि संकोच न करता ग्रुपवर लिहावे, ‘माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका.’

दोन महिने आधी आलेली लस

१२ मे २०१७, शुक्रवार. ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरू लागला. यात कोणाला काही क्लिक करायचीही गरज नव्हती. एक बाधित संगणक त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्याला स्वतःहून गाठत होता. प्रत्येक मशीनमागे ३०० डॉलरची मागणी. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला त्याचा मोठा तडाखा बसला. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालानुसार इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८१ रुग्णालय-संस्थांना झळ बसली, ५९५ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बाधित झाले आणि अंदाजे १९,००० हून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्या. पाच भागांतल्या रुग्णांना तातडीच्या उपचारासाठी लांबच्या रुग्णालयांत जावे लागले.

साथ आटोक्यात आली ती मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या तरुणामुळे. हा व्हायरस आधी इंटरनेटवर एका विचित्र, अस्तित्वात नसलेल्या पत्त्याला हाक मारतो आणि उत्तर आले तर थांबतो, असे निघाले. हचिन्सने दहा-अकरा डॉलर भरून तो पत्ता आपल्या नावावर नोंदवला, उत्तर मिळू लागले आणि नवे संसर्ग थांबले.

पण या घटनेतली खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या फटीतून हा व्हायरस शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच दिले होते. जवळपास दोन महिने आधी. बाधित झालेल्या बहुतेक मशीनवर विंडोज ७ होते आणि अपडेट घेतलेले नव्हते. लस दवाखान्यात आली होती, टोचून घेतली नव्हती. ‘नंतर आठवण करा’ हे बटण आपण जितक्या सहज दाबतो, तितक्याच सहज तिथेही ते दाबले गेले असणार.

त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ आला, ज्याने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला होता. म्हणून अपडेटच नकोत, असे काही जण म्हणतात. लशीचीही क्वचित रिअॅक्शन येते. त्यावरून लसीकरण बंद करणाऱ्यांचे जे होते तेच यांचे होते.

रुग्णालयांची अडचण मात्र खरी आहे. सीटी, एमआरआय किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेला संगणक यंत्राचाच भाग असतो. यंत्र पंधरा वर्षे चालते, त्यातले विंडोज आधीच कालबाह्य होते, आणि कंपनीच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. करोडो रुपयांचे यंत्र केवळ त्यासाठी कोणी टाकून देत नाही, द्यावे असेही नाही. अशा यंत्राला वेगळे ठेवावे लागते: इंटरनेट नाही, पेन ड्राइव्ह नाही, बाकी नेटवर्कशी फक्त लागेल तेवढाच संबंध. क्षयरोगाचा वॉर्ड वेगळा असतो त्याच कारणासाठी.

दिल्लीच्या एम्समध्ये हीच भिंत कच्ची निघाली. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी तिथली ई-हॉस्पिटल प्रणाली बंद पडली. नोंदणी, भरती, प्रयोगशाळेचे अहवाल, बिले, सगळे हाताने लिहायची वेळ आली आणि ते सुमारे दोन आठवडे चालले. पाच सर्व्हर बाधित झाले, अंदाजे १.३ टेराबाइट डेटाला कुलूप लागले, असे सरकारने संसदेत सांगितले. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारणही दिले. पण त्याच उत्तरात एक दिलासा होता. ई-हॉस्पिटलचा सगळा डेटा परत मिळाला, कारण एका बॅकअप सर्व्हरपर्यंत संसर्ग पोहोचला नव्हता.

छोट्या दवाखान्याने काय करावे

मोठ्या रुग्णालयांत निदान एक आयटी विभाग असतो. तालुक्याच्या गावातला दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब, सोनोग्राफी केंद्र यांच्याकडे एकच संगणक असतो. त्यावरच रुग्णांची नोंद, त्यावरच जीएसटी, त्यावरच दुपारी रिसेप्शनवरच्या मुलीचे गाण्यांचे डाउनलोड. बहुधा चोरीचे विंडोज असते, ज्याला अपडेट येत नाहीत, आणि ते चालू करायला वापरलेल्या ‘क्रॅक’मध्येच अनेकदा व्हायरस असतो. चार-पाच हजार वाचवण्यासाठी दहा वर्षांच्या नोंदी पणाला लावल्या जातात. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, तेव्हा ते वापरणाऱ्यांनी पुढची सोय पाहायलाच हवी.

सगळ्यात जास्त उपयोग होतो तो बॅकअपचा, आणि त्यातच सर्वाधिक चूक होते. बाहेरची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवली, तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप घालतो. डिस्क जोडावी, नक्कल घ्यावी, काढून कपाटात ठेवावी. एक नक्कल दुसऱ्या जागी किंवा क्लाउडवर असावी. महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी फाइल उघडून पाहावी. कपाटातल्या डिस्कवर वर्षभर काही उतरलेच नव्हते, हे ऐन संकटात कळण्यात अर्थ नाही. रोजचे काम साध्या खात्यावरून करावे, ‘अॅडमिनिस्ट्रेटर’च्या नव्हे. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग दिसेल अशी सेटिंग ठेवावी, म्हणजे ‘रिपोर्ट.पीडीएफ.ईएक्सई’ अशी सोंगे ओळखता येतात. ईमेलने आलेल्या वर्ड किंवा एक्सेल फाइलने ‘एनेबल कंटेंट’ दाबायला सांगितले, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय दाबू नये. अँटिव्हायरस एकच असावा. विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू आणि ताजा असेल, तर तो पुरेसे काम करतो. दोन अँटिव्हायरस एकमेकांशीच भांडतात. सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर सफाईची साधने फुकट मिळतात, हे फार थोड्यांना माहीत आहे.

आणि तरीही पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आलीच, तर पहिले काम नेटवर्कची वायर काढणे आणि वायफाय बंद करणे. ते जमले नाही तरच मशीनचा वीजपुरवठा तोडावा. बॅकअपची डिस्क घाईने जोडू नये, तीही जाईल. चिठ्ठीचा फोटो घ्यावा. पैसे देऊ नयेत. दिल्यावर फाइली परत मिळण्याची कोणतीही हमी नाही आणि देणाऱ्याचे नाव ‘हा देतो’ या यादीत जाते. युरोपोल व इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाकडे अनेक जुन्या व्हायरसच्या किल्ल्या विनामूल्य आहेत, तिथे आधी पाहावे. २०२२ च्या नियमांनुसार संस्थांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवणे बंधनकारक आहे. पोलिसांतही तक्रार द्यावी.

तोवर रुग्ण तर येतच राहणार. म्हणून रिसेप्शनच्या खणात कोऱ्या केसपेपरांचा आणि रिपोर्ट फॉर्मचा एक गठ्ठा, रक्तपेढी, रुग्णवाहिका आणि जवळच्या दुसऱ्या लॅबचे नंबर कागदावर छापून, आणि डायलिसिस, इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या रुग्णांची हाताने लिहिलेली यादी ठेवावी. यादीवर तारीख घालावी आणि दर सोमवारी ती नवी करावी.